पटाचे डाव : कुस्ती व पारंपरिक युद्धकला

पटाचे डाव : उभ्या प्रतिस्पर्ध्याचा एक वा दोन्ही पाय हातांनी धरून, ओढून अथवा उचलून त्यास जमिनीवर आणण्याचे डाव. एक पाय धरल्यास ‘एकेरी पट’ व दोन्ही पाय धरल्यास ‘दुहेरी पट’ अशी संज्ञा मराठी मल्लांत रूढ आहे. डाव साधण्याच्या क्रियेस ‘पट काढणे’ म्हणतात. आपल्या पायाने प्रतिस्पर्ध्याचा पाय अडविण्याचे वा उडविण्याचे टांगेसारखे डाव यांना जवळचे असले, तरी त्यांत पकड हाताची नसते. म्हणून ते वेगळे गणले जातात.

माणसाच्या शरीराची घडण सर्वत्र सारखी असल्याने पट काढण्याची मूळ क्रिया जगभरच्या मल्लविद्यांत जवळजवळ एकसारखी आढळते. तिला मिळालेले स्थान मात्र अतिशय भिन्न आहे. काही परंपरांत ती आक्रमणाचे प्रमुख साधन आहे, काहींत ती क्वचित वापरली जाते, तर काहींत ती नियमानेच वर्ज्य ठरविण्यात आली आहे. हा फरक मल्लांच्या कौशल्यापेक्षा पराभवाच्या व्याख्येवर, पोशाखावर, लढतीच्या भूमीवर आणि त्या त्या परंपरेने स्वतःविषयी बाळगलेल्या कल्पनेवर अवलंबून असतो. या दृष्टीने पटाच्या डावांचा इतिहास हा बव्हंशी नियमांचा इतिहास आहे.

तत्त्व व तंत्र : उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य सामान्यतः बेंबीच्या पातळीच्या आसपास असतो. त्यातून जाणारी लंबरेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या क्षेत्रात पडते, तोवर त्याचा तोल टिकतो. पट काढणारा मल्ल या आधारक्षेत्रावरच हल्ला करतो. एकेरी पटात एक पाय उचलला गेल्याने आधार केवळ एका पावलापुरता उरतो व थोड्याशा ओढीने किंवा वळणाने प्रतिस्पर्धी कोलमडतो. दुहेरी पटात दोन्ही गुडघ्यांमागे हात घालून पाय जागीच रोखले जातात आणि त्याच वेळी खांद्याने पोटावर वा मांडीच्या वरच्या भागावर रेटा दिला जातो. पाय मागे सरकू शकत नसल्याने वरचे शरीर आधारक्षेत्राबाहेर जाते. दोन्ही प्रकारांत यश मिळते ते बाहुबळापेक्षा पटात शिरण्याच्या वेगामुळे. प्रतिस्पर्ध्याचा हात वर उचलवून किंवा मानेला हिसका देऊन त्याचे लक्ष वर खेचणे आणि त्याच क्षणी गुडघ्यात वाकून खाली शिरणे, ही त्याची पूर्वतयारी होय.

या डावाचा धोका त्याच्या रचनेतच आहे. पाय धरण्यासाठी डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीखाली न्यावे लागते आणि मान, पाठ व कंबर त्याच्या ताब्यात जाऊ शकतात. दोन्ही पाय झटकन मागे फेकून छातीचा भार आक्रमकाच्या पाठीवर टाकणे, हा यावरील सर्वत्र आढळणारा प्रतिकार आहे. त्यात सापडलेला मल्ल गुडघ्यांवर येतो आणि त्याचाच कब्जा घेतला जातो. जेथे आघात करण्यास मुभा असते, तेथे खाली वाकलेल्या डोक्यावर गुडघा बसण्याची भीतीही असते. म्हणून पट हा शिकण्यास सोपा, पण लढतीत धाडसाचा डाव मानला जातो.

प्राचीन पुरावे : पायाच्या पकडीचे सर्वांत जुने व विस्तृत चित्रण ईजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यांत आढळते. इ. स. पू. सु. २००० च्या सुमाराच्या, बाकेत तिसरा याच्या थडग्यातील भिंतीवर मल्लांच्या दोनशेहून अधिक जोड्या रंगविलेल्या असून त्यांत पाय धरून उचलण्याच्या व पाडण्याच्या अनेक अवस्था स्पष्ट ओळखू येतात. दोन मल्ल वेगवेगळ्या रंगांत दाखविल्याने कोणाचा हात कोठे आहे, हेही कळते. ग्रीक परंपरेत होमरच्या इलियड या महाकाव्यात एजॅक्स व ओडिसियस यांच्या कुस्तीचे वर्णन आहे. बलाढ्य एजॅक्स ओडिसियसला उचलतो, तेव्हा ओडिसियस त्याच्या गुडघ्यामागच्या लवणीवर आघात करून त्यास पाठीवर पाडतो. पायावरील हल्ला हे तुलनेने दुर्बळ मल्लाचे शस्त्र आहे, ही नंतरच्या काळातही वारंवार भेटणारी कल्पना येथे प्रथमच वाङ्‌मयात दिसते.

भारतात मल्लयुद्धाची वर्णने महाभारतापासून आढळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील ‘मल्लविनोद’ प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, सराव व झुंजी यांची माहिती आहे. गुजरातेतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेशी संबंधित मल्लपुराण हा संस्कृत ग्रंथही या विद्येच्या शास्त्रशुद्ध मांडणीची साक्ष देतो.

यूरोपात मध्ययुगीन व प्रबोधनकालीन शस्त्रविद्येच्या ग्रंथांत कुस्तीला स्वतंत्र स्थान असे. जर्मनीतील फाबियान फोन आउअर्सवाल्ट याच्या १५३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ८५ पकडींची काष्ठठसाचित्रे असून त्यांत पायाच्या पकडीही आहेत. रणभूमीवर शत्रू पाठीवर पडतो की पोटावर, यास महत्त्व नसे. तो पडला व आपण उभे राहिलो, एवढे पुरे असे. डावाची पुढील विभागणी घडली ती कुस्ती रणापासून दूर जाऊन क्रीडा बनली तेव्हा.

भारतीय कुस्ती : भारतीय आखाड्यात निकाल लागतो तो चितपटीवर. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला लागल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही. साहजिकच, केवळ पट काढून त्यास पालथे पाडल्याने काहीच सिद्ध होत नाही. तेथून खरी झुंज सुरू होते. खालचा मल्ल पोटावर पडून माती धरतो आणि वरचा मल्ल त्याचा कब्जा घेऊन घिस्सा, मोळी यांसारख्या डावांनी त्यास उलटविण्याचा यत्न करतो. त्यामुळे एका हालचालीत प्रतिस्पर्ध्यास थेट पाठीवर नेणाऱ्या डावांना आखाड्यात अधिक मान मिळाला. ‘ढाक’ व ‘टांग’ ही त्यांची उदाहरणे होत. पायाच्या पकडीवर आधारलेल्या डावांत हा मान ‘कलाजंग’ या डावास आहे. त्यात एका हाताने प्रतिस्पर्ध्याचा दंड ओढून व दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून घालून त्यास खांद्यांवर आडवे उचलले जाते आणि पलीकडे पाठीवर टाकले जाते.

भूमीचाही परिणाम होतो. भुसभुशीत मातीत पाऊल रुतते आणि गुडघा टेकवून पुढे घसरत जाणे कठीण जाते. उलट अंगाला लागलेल्या मातीमुळे घामाने निसरडी झालेली पकड घट्ट बसते. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने कुस्तीस जे वैभव लाभले आणि १९१२ साली खुल्या झालेल्या खासबाग मैदानावर ज्या लढती रंगल्या, त्या याच मातीच्या व चितपटीच्या कुस्तीच्या होत्या.

खाली पाडण्यास गुण नसतील, तर काय घडते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण गामा व पोलिश मल्ल स्तानिस्लाव झिबिस्को यांच्या लढतीत मिळते. लंडन येथे १० सप्टेंबर १९१० रोजी झालेल्या या लढतीत गामाने सुरुवातीसच झिबिस्कोला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को बहुतेक वेळ पालथा राहून बचाव करीत राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ झुंजूनही निकाल लागला नाही. लढत बरोबरीत सोडण्यात आली. पुढील आठवड्याच्या फेरलढतीस झिबिस्को उपस्थित न राहिल्याने गामास विजयी ठरविण्यात आले. १९२८ साली पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीत केले. पहिल्या लढतीत वर्चस्व कोणाचे होते, याविषयी प्रेक्षकांना संशय नव्हता. पण त्या वर्चस्वाची नोंद करण्याचे साधन तत्कालीन नियमांत नव्हते.

यूरोपीय क्रीडाप्रकार : एकोणिसाव्या शतकात यूरोपीय कुस्तीचे दोन प्रवाह झाले आणि त्यांची सीमारेषा नेमकी पायांपाशी आखली गेली. फ्रान्समध्ये फिरत्या मल्लमंडळींच्या खेळांतून कमरेखाली पकड न करण्याची प्रथा रुजली. ही प्रथा १८४८ च्या सुमारास झां एक्सब्राया या मल्लाने नियम म्हणून घालून दिली, असे सामान्यतः मानले जाते. याच कुस्तीस पुढे ‘ग्रीको-रोमन’ हे नाव मिळाले. नाव प्राचीन असले, तरी प्रकार आधुनिक आहे. इंग्लंडमधील लँकाशर परगण्यात मात्र ‘सापडेल तेथे धरा’ या तत्त्वाची मुक्त कुस्ती लोकप्रिय होती व तिच्यात पाय धरण्यास पूर्ण मोकळीक होती. आधुनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन परंपरेची कुस्ती १८९६ च्या अथेन्स येथील सामन्यांतच आली, तर मुक्त कुस्तीचा प्रवेश १९०४ साली सेंट लूइस येथे झाला.

एकाच खेळाच्या या दोन शाखांची तुलना उद्‌बोधक आहे. ग्रीको-रोमन मल्लास पायांच्या रक्षणाची चिंता नसल्याने तो ताठ उभा राहतो, छातीला छाती भिडवितो आणि कंबरेस विळखा घालून प्रतिस्पर्ध्यास मागे फेकण्याची उंच डावपद्धती विकसित करतो. मुक्त कुस्तीतील मल्ल गुडघ्यांत व कमरेत वाकून, हात पुढे ठेवून, हाताच्या अंतरावर राहतो. पाय धरण्याची एक मुभा काढून घेतली वा दिली, की उभे राहण्याची ढबच बदलते आणि तिच्यासवे डावांचा सारा संच बदलतो.

तुर्कस्तान, मंगोलिया व जपान : तुर्की तैलकुस्तीत मल्लांच्या अंगाला तेल चोपडलेले असल्याने उघड्या मांडीवर हात ठरत नाही. त्यामुळे ‘किस्पेत’ या गुडघ्याखाली घट्ट बांधलेल्या चामडी विजारीची कड वा कंबरपट्टा धरून डाव केले जातात. एदिर्ने येथील कर्कपिनार या प्रसिद्ध मेळाव्यात ही कुस्ती आजही खेळली जाते. येथे पायावरील हल्ला पोशाखाच्या आधाराने जिवंत राहिला आहे.

मंगोल कुस्तीत (‘बोख’) एकाच लोकसमूहाच्या दोन शाखांतील फरक लक्षात येतो. मंगोलियातील खाल्खा पद्धतीत हाताने पाय धरणे मान्य असून गुडघा, कोपर वा धड जमिनीला लागल्यास हार होते. चीनमधील आंतर मंगोलियाच्या पद्धतीत मात्र हाताने पाय धरणे निषिद्ध आहे. तेथे पायाने पाय अडविण्याच्या डावांना साहजिकच अधिक महत्त्व आले आहे.

जपानी सुमोमध्ये तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला किंवा ४·५५ मी. व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडले, की पराभव होतो. केवळ खाली पाडणे पुरेसे असल्याने येथे पट सर्वांत फलदायी ठरावा, असे प्रथमदर्शनी वाटते. सुमोच्या ८२ अधिकृत विजयी डावांत पाय धरून पाडण्याचा ‘आशितोरी’ व तत्सम काही डाव आहेतही. पण प्रत्यक्षात ते क्वचित दिसतात. याचे कारण त्याच नियमात आहे. खाली वाकलेल्या मल्लाच्या मानेवर वा खांद्यावर थाप बसून त्याचा हात जमिनीला लागला, तरी तो हरतो. आक्रमक चुकला, तर सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून हे डाव मुख्यतः चपळ व कमी वजनाच्या मल्लांकडून वापरले जातात.

ज्यूदो : पटाच्या डावांचा सर्वांत वादग्रस्त इतिहास ज्यूदोचा आहे. कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ साली जुजुत्सूच्या जुन्या पंथांतील तंत्रे निवडून तोक्यो येथे कोदोकान या संस्थेत ज्यूदोचे अध्यापन सुरू केले. तरुणपणी आपल्याहून खूप वजनदार अशा सहाध्यायास पाडता येईना, तेव्हा त्यांनी सुमो व पाश्चात्त्य कुस्तीविषयीचे ग्रंथ धुंडाळून ‘काता-गुरुमा’ हा डाव सिद्ध केला, असे सांगितले जाते. या डावात प्रतिस्पर्ध्याची मांडी हाताने कवटाळून त्यास खांद्यांवर आडवे घेतले जाते. भारतीय कलाजंगशी त्याचे साम्य ठळक आहे. दूरच्या दोन परंपरांतील हे साम्य देवघेवीपेक्षा शरीररचनेच्या समानतेने अधिक समाधानकारकपणे उलगडते.

सोव्हिएट रशियात ज्यूदो व मध्य आशिया, कॉकेशस इ. प्रदेशांतील लोककुस्त्या यांच्या संगमातून ‘साम्बो’ हा प्रकार घडविण्यात आला व १९३८ साली त्यास अधिकृत मान्यता मिळाली. साम्बोत पाय धरण्यास मोकळीक होती. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा साम्बोच्या तालमीत तयार झालेल्या सोव्हिएट खेळाडूंनी चार कांस्यपदके मिळविली. पुढील दशकांत पाय धरून पाडण्याच्या पद्धतीचा ज्यूदोत मोठा प्रसार झाला. १९८२ साली कोदोकानने आपल्या अधिकृत यादीत जी नवी तंत्रे समाविष्ट केली, त्यांत दुहेरी पटाशी जुळणारे ‘मोरोते-गारी’, एकेरी पटाशी जुळणारे ‘कुचिकी-ताओशी’ आणि टाच धरून पाडण्याचे ‘किबिसु-गाएशी’ यांचा अंतर्भाव होता.

मात्र सु. तीन दशकांतच ही तंत्रे स्पर्धेतून बाद झाली. आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाने २०१० साली हातांनी पायांवर थेट हल्ला करण्यास बंदी घातली आणि २०१३ साली उभ्या स्थितीत कमरपट्ट्याखाली हात लावण्यासच पूर्ण मनाई केली. खेळाडू वाकून, दूर राहून खेळू लागले आहेत व त्यामुळे ज्यूदोची ताठ उभे राहून झगा पकडण्याची ढब लोपत आहे, ही चिंता यामागे होती. यापूर्वीची एक बंदी वेगळ्या स्वरूपाची होती : दोन्ही पायांची कात्री करून प्रतिस्पर्ध्यास पाडण्याचा ‘कानी-बासामी’ हा डाव १९८० साली यामाशिता यासुहिरो या विख्यात खेळाडूचा पाय मोडल्यानंतर लवकरच वर्ज्य झाला. ती बंदी इजेच्या भयाने, तर २०१० ची बंदी खेळाची ओळख राखण्यासाठी होती. पहिलीस फारसा विरोध झाला नाही, पण दुसरीवरील वाद मिटलेला नाही. पाय धरणे सोडल्याने ज्यूदो आत्मसंरक्षणाची कला म्हणून अपुरा राहतो, असे तिच्या टीकाकारांचे म्हणणे आहे, तर उंच फेकीचे सौंदर्य तिच्यामुळेच परत आले, असे समर्थक मानतात. २०२५ साली अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत पाय धरण्यास पुन्हा मुभा देण्यात आली. मधल्या काळात काता-गुरुमा त्याच्या मूळ रूपात टिकला, तो ‘नागे-नो-काता’ या फेकींच्या विधिबद्ध प्रात्यक्षिकात.

आघातप्रधान कला : लाथ मारणे हे ज्या कलांचे प्रमुख अंग आहे, त्यांत पाय धरण्याचा प्रसंग वेगळ्या रीतीने येतो. आग्नेय आशियातील पेन्चाक सिलात किंवा चीनमधील सान्दा या प्रकारांत खाली वाकून पटात शिरावे लागत नाही. प्रतिस्पर्ध्याचा पाय लाथेच्या रूपाने स्वतःच हाती येतो. तो हवेत झेलून उरलेला पाय झाडला, की एकेरी पटाचेच तत्त्व साधते. कुस्तीगीर जे अंतर स्वतः तोडतो, ते येथे प्रतिस्पर्धी तोडून देतो.

माती व गादी : महाराष्ट्राच्या दृष्टीने या तुलनेचे मर्म खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या कारकीर्दीत एकवटले आहे. कराडजवळील गोळेश्वरच्या या मल्लाची घडण मातीवरील होती आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव तोकडा असूनही त्यांनी सहावे स्थान मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे मुक्त कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच गटात सुवर्णपदक मिळविणारा जपानी मल्ल इशी शोहाची हा मूळचा ज्यूदोपटू असून दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आल्याने तो कुस्तीकडे वळला होता. एका मंचावर उभ्या राहिलेल्या या दोघांच्या मागे दोन भिन्न परंपरा होत्या आणि दोघांनाही तिसऱ्याच परंपरेचे नियम आत्मसात करावे लागले होते.

गादीवरील मुक्त कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास खाली आणून कब्जा घेतला, की गुण मिळतात. पूर्वी अशा कृतीस एक गुण असे. २०१३ च्या नियमबदलाने तो दोन करण्यात आला. चितपटीविनाही लढत जिंकता येत असल्याने पट हा आज मुक्त कुस्तीतील नित्याचा हल्ला ठरला आहे. खाली आणल्यानंतरही पाय उपयोगी पडतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्त यांनी कांस्यपदकाच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही घोटे आवळून व त्यास वारंवार लोळवून गुण वसूल केले. मातीवर ज्या पकडीने केवळ डावाची सुरुवात झाली असती, तिने तेथे पदक मिळवून दिले.

१९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांतील विजेत्यांमध्ये किताबाची लढत होते. मातीवरच्या मल्लास पटापासून पाय वाचविण्याची आणि गादीवरच्या मल्लास ढाक-टांगेपासून पाठ वाचविण्याची तयारी ठेवावी लागते. केवळ गादीचाच सराव राहिला, तर एका हालचालीत चीत करणारे डाव विरळ होतील, अशी भीती जुने वस्ताद व्यक्त करतात; केवळ माती धरून राहिल्यास आंतरराष्ट्रीय यश दुरावते, हेही अनुभवास आले आहे.

ज्यूदोच्या उदाहरणावरून ही भीती निराधार म्हणता येत नाही. स्पर्धेतून वगळलेला डाव शिकविणारे व शिकणारे दोन्ही कमी होतात आणि एका पिढीत तो केवळ प्रात्यक्षिकापुरता उरू शकतो. उलट, नियमाने मोल दिले, की तोच डाव तालमीच्या रोजच्या मेहनतीत अग्रस्थानी येतो. पट काढण्याची क्रिया बेनी हसनच्या भिंतीवर होती तशीच आज आहे. ती कोणत्या आखाड्यात टिकावी व कोणत्यात लोपावी, हे मात्र प्रत्येक काळातील नियमकर्त्यांनी ठरविले आहे.